मिरचीपासून मॅन्ड्रॅक्सपर्यंत
मुंबईतील घराण्याच्या मिरची व्यापारावरून ज्याला टोपणनाव मिळाले, त्या इक्बाल मेमन ऊर्फ इक्बाल मिरचीवर मॅन्ड्रॅक्सच्या, म्हणजे मेथाक्वालोन या झोपेच्या औषधापासून बनणाऱ्या गोळ्यांच्या, तस्करीचे जाळे उभारल्याचा आरोप होता; या गोळ्यांची मोठी बाजारपेठ दक्षिण आफ्रिकेत होती आणि तेथे त्या कुटून, गांजात मिसळून ओढल्या जात. १९९५मध्ये लंडनमध्ये त्याला अटक झाली खरी, परंतु प्रत्यार्पणाची, म्हणजे खटल्यासाठी आरोपी स्वाधीन करण्याची, भारताची मागणी १९९९मध्ये तेथील न्यायालयाने फेटाळली; २००४मध्ये अमेरिकेने त्याला अमली पदार्थांच्या तस्करीचा म्होरक्या घोषित केले, तरीही २०१३मध्ये लंडनमध्ये मृत्यू येईपर्यंत तो भारतात परत आणला गेला नाही. बडा आरोपी खटल्यापासून सुटतो आणि लहान माणूस अडकतो, ही विषमता तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या पैनगंगेकाठच्या भीमपूर परिसरात अधिकच बोचते, कारण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कापसात किंवा तुरीत गांजाची झाडे लावणारा आदिलाबादचा शेतकरी दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र ठरतो आणि जामिनासाठी न्यायालयाच्या फेऱ्या मारताना त्याच्या घराचा अख्खा हंगाम बुडतो.