माळढोक गेला, दोष शेतकऱ्याच्या माथी

१९७९ साली सरकारने सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील ८४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्या रेषेत गावे आली, बाजारपेठा आल्या, शेतकऱ्यांची सातबाऱ्यावरची रानेही आली. विचारले कोणाला? कोणालाच नाही. जमिनीच्या साध्या व्यवहारालाही वनखात्याचा अडसर झाला. तीन दशकांनंतर हे क्षेत्र सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर शेतकऱ्याच्या मनात माळढोक म्हणजे जमिनीवरचा बोजा, एवढेच पक्के झाले होते.

पक्षी तरी वाचला का? आज देशभरात दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजच्या माळावर तो दिसला तर बातमी होते.

माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला मोकळे गवत लागते. वनखात्याने त्या माळावर झाडे लावली! आम्हीही कृषी महाविद्यालयात माळ म्हणजे पडीक जमीन, असेच शिकलो. ती चूक मी कबूल करतो.

आपणही माळ मोडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण का मोडला? ज्वारी, बाजरी, भुईमूग, तूर या कोरडवाहू रानात माळढोक चरत असे. नाकतोडे, भुंगेरे खाऊन तो पिकाची राखणच करी. ज्वारीला भाव नाही म्हटल्यावर, उजनीचे पाणी पोचले तिथे ऊस आला. हा गुन्हा नव्हे, पोटाचा हिशेब आहे. हिशेब बदला, रान बदलेल.

माळावर अजून काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. त्यांचेही माळढोकासारखे व्हायचे नसेल तर जिल्हा बैठकीत आपण तीन मागण्या ठरवाव्यात. जो शेतकरी माळ न नांगरता गवताला ठेवील, त्याला दरवर्षी एकरी खंड रोख मिळावा. काळविटाने खाल्लेल्या पिकाची आणि लांडग्याने नेलेल्या मेंढीची भरपाई त्याच हंगामात मिळावी. आणि गावसभेला विचारल्याशिवाय नकाशावर एकही नवी रेघ ओढू नये.

रानातला जीव ही साऱ्या देशाची दौलत असेल, तर तिच्या राखणीचा खर्चही साऱ्या देशाने उचलावा. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का?