पांगाऱ्याच्या लाकडाचे पाणविमान



भाताची रोपलावण उरकली की आपल्या कागल-मुरगूड भागात पावसाच्या झडीत घरी बसण्याचे काही दिवस येतात. मोठी माणसे गोठ्याचे बघतात, पण मुले मोबाईलमध्ये मान घालून बसतात. त्यांच्या हाताला काम हवे असेल तर यंदा एक नवा छंद सुचवतो. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची, अगदी मापातली प्रतिकृती करायची आणि रंगवायची.

'शेतकऱ्याच्या घरात विमान कशाला?' असे आजोबा म्हणतील. बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या हातांना हे काम जड नाही. शिवाय यातून मुले जे शिकतात ते शेतीत रोज लागते. ते म्हणजे माप.

पाणविमान म्हणजे काय?

तलावावर बदक उतरताना आपण पाहिले आहे. पाय पुढे करून ते पाण्यावर घसरत येते आणि मग पोटावर तरंगते. पाणविमानाचेही तसेच. काहींना चाकांऐवजी होड्यांसारखे तरंगे असतात, तर काहींचे पोटच नावेसारखे असते. या नावेच्या बुडाला मध्यापाशी एक पायरी ठेवतात. वेग घेताना पाणी बुडाला चिकटून विमानाला मागे ओढते. पायरीपाशी ते सुटते आणि विमान वर उचलते.

ही विमाने आपल्याला अगदीच परकी नाहीत. २०१४ साली मुंबईच्या जुहूहून पवना धरणाच्या जलाशयापर्यंत अशी सेवा सुरू झाली होती. आपल्या नौदलाने १९५३ साली कोचीला विमानदल उभे केले, तेव्हा त्याची पहिली विमाने पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारी 'सीलँड' जातीची होती. त्यातले एक गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात ठेवले आहे. गोव्याला देवदर्शनाला जाल तेव्हा मुलांना ते जरूर दाखवा. वाटेत सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणीही पाहा. ती पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करतात. तेच हलके, मऊ लाकूड आपल्यालाही चालेल.

कोणते विमान करावे?

पहिल्या खेपेला 'कॅटॅलिना' घ्यावे. ४ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या कोग्गला सरोवरावरून उडालेल्या अशाच एका विमानाने जपानी आरमार येताना पाहिले. ते पाडले गेले, पण त्याआधी वैमानिक बर्चल आणि त्यांच्या सोबत्यांनी बिनतारी संदेश धाडला होता. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदर गाफील नव्हते.

या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३१.७ मीटर आणि लांबी सुमारे १९.५ मीटर. परदेशी प्लॅस्टिकचे संच बहुधा ७२ पट लहान असतात. घरी करताना १०० पट लहान करावे, म्हणजे मीटरचा सेंटिमीटर होतो. पंख ३१.७ सेंटिमीटर आणि लांबी साडेएकोणीस, हिशेब तोंडी!

आता मुलांना एक प्रश्न घाला. खऱ्या पंखांचे क्षेत्र १४०० चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडे जास्त. मग आपल्या पंखांचे क्षेत्रही शंभरपट कमी का? नाही, ते दहा हजारपट कमी. आणि वजन दहा लाखपट! खरे विमान भरल्यावर सुमारे १६ टन, म्हणजे मापाने आपले १६ ग्रॅमच हवे. शेततळ्याची लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दुप्पट केली की माती आठपट काढावी लागते. दुप्पट धरून खर्चाचा अंदाज बांधला तर फसगत ठरलेली. हे गणित फळ्यावर डोक्यात शिरत नाही, ते हातात विमान धरले की शिरते.

कृती

पुस्तकातले चित्र पाहून आराखडा कागदावर पूर्ण मापाने काढा. कागद लाकडावर चिकटवून बाहेरचा भाग आधी कानशीने आणि मग काचपेपरने काढा. पंख पातळ फळीचे, सरासरी ४ सेंटिमीटर रुंद करा. हे पंख पोटाला थेट चिकटत नाहीत, वर एका खांबावर बसतात. दोन्ही इंजिने पंखाच्या पुढच्या कडेला उंचावर येतात, म्हणजे पाण्याचे तुषार पंख्यांपर्यंत पोचत नाहीत. पंखाखालचे छोटे तरंगे बांबूच्या काड्यांवर बसवा. खडूची पूड आणि फेव्हिकॉल कालवून लाकडाची छिद्रे बुजवा, वाळू द्या आणि पुन्हा घासा.

रंग पातळ द्यावा. एक जाड हात ओघळतो, दोन पातळ हात बसतात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पोट पांढरे आणि पाठ करडी ठेवा. युद्धकाळात समुद्रावर गस्त घालणारी अनेक विमाने अशी रंगवीत. माशाची पाठ काळसर आणि पोट पांढरे असते, त्यामागचे कारणही हेच. वरून पाहणाऱ्याला ती पाण्यात मिसळते, खालून पाहणाऱ्याला आभाळात.

ही दक्षता घ्या

रंग कालवायला कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा कधीही घेऊ नका, कितीही धुतला तरी नाही. फवारणीच्या पंपातून रंग उडवू नका. थिनर चुलीपासून लांब, दारे-खिडक्या उघडी ठेवून वापरा. ते थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका, लहान मूल सरबत समजून तोंडाला लावते. पोटात गेलेच तर उलटी करवू नका, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. करवत आणि पाते मोठ्यांच्या देखरेखीखालीच असावे.

गावोगाव फिरताना मी पाहतो, औषध झाकणाने अंदाजे ओतणारे हात अजून पुष्कळ आहेत. त्यात औषध वाया जाते, पीक भाजते, कधी माणूस दगावतो. मोठ्यांची सवय मोडणे अवघड. पण ज्या मुलाने वा मुलीने पंखाचा अर्धा सेंटिमीटर चुकला म्हणून तो पुन्हा घासला, ते मूल उद्या मापाचे भांडे शोधल्याशिवाय पंप भरणार नाही.

तेव्हा पांगाऱ्याची वाळलेली फांदी जळणात टाकण्याआधी मुलांना विचारा. लेकींनाही विचारा, त्यांचा हात रंगाला अधिक सफाईचा असतो.