साडीच्या घडीतला टॅब

परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सहज विचारलं, ‘‘काय, लेकीचा अभ्यास जोरात ना टॅबवर?’’ नववीतल्या त्यांच्या मुलीला शाळेतून टॅब मिळाला, त्याचे पेढे आम्ही दिवाळीआधीच खाल्ले होते. तर म्हणाल्या, ‘‘ठेवलाय कपाटात, साडीच्या घडीत. फुटला-बिटला तर भरून कुठून द्यायचा, ताई?’’

आधी हसू आलं, मग ओशाळले. टॅब देताना शाळेने मावशींची एका कागदावर सही घेतली होती. त्यात काय लिहिलंय, ते मात्र कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, हाच टॅब रविवारी क्रिकेट बघायला थोरल्याच्या हातात जातो. का? ‘‘त्याला कळतं हो त्यातलं!’’

२०११ मध्ये स्वस्तातला ‘आकाश’ टॅब आला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली. दप्तराचं ओझं कमी होणार म्हणून आपणही खूश झालो. तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये आयपॅड वाटले, तर पोरांनी काही दिवसांतच त्याची कुलपं उघडून नको त्या साइट्स बघितल्या. पुढच्या वर्षी ते कंत्राटच थांबवावं लागलं. तेव्हापासून चर्चा एकच, मुलं बिघडतील. अहो, पण मावशींच्या लेकीच्या हातात बिघडायला तरी तो टॅब यायला हवा ना!

लहान मुलांच्या हातात पुस्तकच हवं, या मताची मीही आहे. स्वीडनसारखा देशही २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे पुन्हा वळला. गणित तर वहीत खरडल्याशिवाय येतच नाही. पण जिला शिकवणी परवडत नाही, वर्गात हात वर करायची भीड वाटते, तिला न कळलेला धडा रात्री चारदा ऐकता येणं ही साधी गोष्ट नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरात एकच फोन असताना पहिला नंबर कुणाचा लागायचा आणि त्या वेळी भांडी कोण घासत असायचं, हे आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय!

म्हणून माझं शाळांना सांगणं आहे, टॅब वाटायच्या दिवशी पाहुणे नाही बोलावले तरी चालतील, आयांना बोलवा. अर्धा तास बसवा, टॅब त्यांच्या हातात द्या, चार बटणं दाबू द्या. तो कागद मराठीत मोठ्याने वाचा. फुटला तर काय होईल, ते स्पष्ट सांगा. आणि हा लेकीचा आहे, तिच्या अभ्यासाच्या वेळी तिलाच द्यायचा, हेही.

शेवटी मावशींबरोबर मीच शाळेत गेले. बाईंनी कागद काढून वाचला. चुकून फुटला तर पालकांनी पैसे भरावेत, असं त्यात कुठेच नव्हतं! मावशी दोनदा म्हणाल्या, ‘‘परत वाचा बरं.’’

टॅब आता कपाटाबाहेर आलाय. रविवारचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.