विश्लेषण : विजेचा दाब कमी, तरी कृषिपंपाची मोटर का जळते?

रब्बीत विहिरीला पाणी असते, पिकालाही पाणी हवे असते आणि नेमकी तेव्हाच मोटर जळते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला. त्यामुळे बिलाची चिंता मिटली. पण जळालेली मोटर पुन्हा भरून घेण्याचा खर्च आणि तोवर सुकणारे पीक हा भार शेतकऱ्याच्याच माथी राहिला. दाब कमी असताना मोटर का जळते आणि दाब जातो कुठे, याचे उत्तर शाळेत शिकवलेल्या दोन सूत्रांत आहे.

ही सूत्रे कोणती?

पहिले सूत्र जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांच्या नावाने ओळखले जाते. व्होल्टला ॲम्पिअरने भागले की रोध मिळतो, तो ओममध्ये मोजतात. दुसरे सूत्र शक्तीचे. व्होल्टला ॲम्पिअरने गुणले की वॅट मिळतात. २३० व्होल्टवर चालणारा १,००० वॅटचा हीटर सुमारे ४.३५ ॲम्पिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे ५३ ओम. दाब १६० व्होल्टवर आला तर याच रोधातून ३ ॲम्पिअर वाहतील आणि शक्ती ४८० वॅटच्या आसपास राहील. पाणी तापायला वेळ लागेल, पण हीटर जळणार नाही.

मग मोटरचेच नुकसान का होते?

हीटरचा रोध साधारण ठरलेला असतो. मोटरला मात्र पाणी उपसण्याचे ठरावीक काम करायचे असते. दाब कमी झाला की ते काम निभावण्यासाठी ती जास्त ॲम्पिअर ओढते. पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ८ ॲम्पिअर घेते. दाब ३०० व्होल्टवर आला आणि काम तेवढेच राहिले, तर हा आकडा ११ ॲम्पिअरच्या वर जातो.

वाढ सव्वा ते दीड पट दिसते, पण उष्णता ॲम्पिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वाइंडिंगमधील उष्णता जवळपास दुप्पट होते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद पाडतो. पाण्याची पाळी चुकू नये म्हणून तो रिले बाजूला काढून मोटर चालवली, की तारेवरचे आवरण वितळते आणि मोटर जळते.

दाब हरवतो कुठे?

डीपीपासून शेतापर्यंतच्या तारेत. समजा, एका तारेचा रोध १ ओम आहे आणि टोकाला एकच पंप ८ ॲम्पिअर घेतो. तारेत ८ व्होल्ट पडतात आणि ६४ वॅट वाया जातात. आता टोकाला पाच पंप सुरू झाले. ॲम्पिअर ४० झाले. डीपीपाशी प्रत्येक फेजला २३० व्होल्ट असले, तरी टोकाला १९० उरतात. थ्री-फेज मोटरच्या मीटरवर हाच दाब ३३० व्होल्टच्या आसपास दिसतो. वाया जाणारी वीज एका तारेत १,६०० वॅट, तिन्ही तारांत मिळून ४,८०० वॅट. पाच अश्वशक्तीच्या मोटरचे काम ३,७३० वॅटचे. म्हणजे एका पंपाच्या कामापेक्षा जास्त वीज तार तापवण्यातच जाते.

पंप पाचपट झाले, पण नुकसान पंचवीसपट. अनधिकृत आकडे आणि क्षमतेपेक्षा जास्त जोडण्या संपूर्ण ओळीला का भोवतात, ते या हिशेबातून कळते.

उपाय कोणते?

पहिला, उच्चदाब वितरण प्रणाली. राज्यात २०१८ पासून राबवलेल्या या योजनेत ११,००० व्होल्टची वाहिनी शेताजवळ नेऊन एका-दोन शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र डीपी दिली जाते. तेवढीच शक्ती या दाबाने नेली तर ॲम्पिअर सुमारे २६ पट कमी लागतात आणि त्याच तारेतील नुकसान सुमारे ७०० पट घटते. दुसरा, प्रत्येक मोटरला योग्य क्षमतेचा कपॅसिटर. त्यामुळे तारेतून वाहणारे ॲम्पिअर कमी होतात. तिसरा, ऑटो स्विच काढणे. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले, तर सुरुवातीची कित्येक पट धारा डीपीवर एकाच वेळी येते. सौर कृषिपंपाला या तारेची गरजच नसते.

शेतकऱ्याने काय पाहावे?

स्टार्टरच्या पेटीवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअरचे आकडे. पंप सुरू करण्याआधीच व्होल्ट कमी असतील, तर दोष मागच्या वाहिनीत किंवा डीपीवरच्या भारात असण्याची शक्यता जास्त. आधी व्होल्ट ठीक असून पंप सुरू झाल्यावर बराच वेळ खूप खाली राहत असतील, तर आपली केबल बारीक आहे का, जोड सैल आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. खांबावर किंवा डीपीवर स्वतः चढू नये.

हे आकडे वेळेसह चार-आठ दिवस वहीत लिहून ठेवावेत. ‘लाइट कमी येते’ या तोंडी तक्रारीपेक्षा ‘सकाळी ९ वाजता ३१० व्होल्ट, ११ ॲम्पिअर’ ही लेखी तक्रार टाळणे कठीण असते. बिल शून्य असले, तरी पुरेशा दाबाची वीज मागण्याचा ग्राहकाचा हक्क शून्य होत नाही.