ओळख नको, फाईल हवी

मूल न झालेल्या जोडप्याला रायगडच्या किनाऱ्यावरही एक सल्ला हमखास मिळतो: दत्तकच घ्यायचं आहे ना, मग सरकारी ऑफिसांत खेटे कशाला घालता, अमक्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगून ठेवा. सल्ला देणारा माणूस बहुधा वाईट नसतो. त्याचं म्हणणं असं की, एक मुलगी अडचणीत सापडली आहे, तिला बाळ सांभाळता येणार नाही. इकडे अलिबागला किंवा श्रीवर्धनला एक घर पाळणा बांधून बसलं आहे. दोघांची गाठ घालून दिली, रजिस्टरमध्ये नाव बदललं, तर बिघडलं कोणाचं? सरकारी रांगेत तीन-चार वर्षं जातात, तोवर आई-बापांची उमेद आटते. वरवर पाहता या म्हणण्यात दया आहे, व्यवहार आहे आणि घाईचं कारणही आहे. तरीही ते चूक आहे.

बिघडतं ते सर्वांत आधी जन्मदात्या आईचं. मूल सोपवणाऱ्या आईला बाल कल्याण समितीपुढे येऊन कागदावर सही करावी लागते, आणि सही केल्यानंतरही विचार बदलायला तिला साठ दिवस मिळतात. बाळंतपणाच्या थकव्यात, घरच्यांच्या धाकात, लोक काय म्हणतील या भीतीत घेतलेला निर्णय दोन महिन्यांनी तसाच राहील असं कोण सांगेल? नर्सबाईंच्या वाटेवर हे साठ दिवस साठ मिनिटांचेही उरत नाहीत. बाळ चादरीत गुंडाळून मागच्या दाराने जातं, आणि त्या मुलीने उद्या मूल परत मागितलं तर तिच्या हातात कागदाचा कपटाही नसतो.

मग बिघडतं मुलाचं. जन्माच्या नोंदीत भलत्याच बाईचं नाव चढलं की त्याचा खरा वैद्यकीय इतिहास पुसला जातो, त्याचं मूळ पुसलं जातं आणि दत्तक आई-बापांचा त्याच्यावरचा हक्क एका खोट्या दाखल्यावर उभा राहतो. पुढे कुठल्याही तपासात हे उघडकीला आलं, तर ज्यांना ते मूल आई-बाबा म्हणतं त्यांच्याच घरातून त्याला उचलून समितीपुढे न्यावं लागतं. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून अनाथ, टाकलेलं किंवा सोपवलेलं मूल दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, एखाद्या रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली, तर पहिली कारवाई म्हणून त्या रुग्णालयाचा परवाना स्थगित करावा. न्यायालयाला इतकं कडक व्हावं लागलं, यातच ‘गाठ घालून देण्या’चं खरं रूप दिसतं. अशा व्यवहारात पैसा फिरतोच, आणि ज्या बाईचं मूल जातं तिच्या वाट्याला त्यातलं काय येतं हे कुणी विचारत नाही.

इथे एक फरक मात्र नीट केला पाहिजे. भावाचं किंवा बहिणीचं मूल ओटीत घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कायद्याची साथ आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली जन्मदाते आई-बाप मूल थेट देऊ शकतात, दत्तकपत्र नोंदवता येतं, आणि असं दत्तक पुढे रद्द होत नाही. त्याच कायद्यात मुलाच्या मोबदल्यात पैसे देण्या-घेण्याला मनाई आहे. पण उघडपणे काकाच्या मांडीवरून पुतण्या येणं वेगळं आणि अनोळखी बाईचं बाळ खोट्या नावावर येणं वेगळं. दुसऱ्याची लबाडी झाकायला पहिल्याचा दाखला देऊ नये.

पूर्वी कुठे होत्या या फायली, असंही विचारलं जातं. पूर्वी दत्तक कशासाठी घेत, ते अलिबागइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार! अलिबागच्या कुलाबा संस्थानाचे दुसरे रघूजी आंग्रे 1838 मध्ये गेले, तान्हा वारस कान्होजी 1839 मध्ये गेला. घराण्याने दत्तकाची परवानगी मागितली, कंपनी सरकारने ती नाकारली, आणि 1840 मध्ये संस्थान खालसा झालं. सातारा खालसा होण्याच्या आठ वर्षं आधी आणि डलहौसी यायच्याही आधी या किनाऱ्याने तो अन्याय सोसला. अन्याय होता यात शंका नाही. पण त्या सगळ्या पत्रव्यवहाराच्या मुळाशी प्रश्न होता तो गादीला मुलगा हवा, हा. गादी, वतन, पिंडदान यांची गरज आधी आणि मूल त्यासाठी. आजच्या कायद्याने ही मांडणी उलटी केली आहे: मुलाला घर हवं आहे आणि घराची पारख त्यासाठी होते.

ही पारख म्हणजे छळ, हा आणखी एक समज. प्रत्यक्षात होतं काय? ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी होते; पॅन, जन्मदाखला, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची पत्रं जोडावी लागतात. मग समाजसेविका घरी येते. मूल झोपणार कुठे हे ती बघते, पण तिचा भर असतो बोलण्यावर. दोघांनाही मूल हवंय, की एकाच्या हट्टापुढे दुसरा गप्प बसलाय? सासूबाई जातीचा विषय काढतील तेव्हा उत्तर कोण देणार? मूल दत्तक आहे हे त्याला कधी आणि कसं सांगणार? पोटच्या मुलासाठी हे प्रश्न कोणी विचारत नाही, अशी तक्रार असते. खरं आहे. पण एकदा आई-बाप गमावलेल्या मुलाला दुसऱ्यांदा गमावायला लागू नये, म्हणून कोणीतरी ते विचारलेच पाहिजेत. नंबर लागला की मुलाची माहिती आणि आरोग्य अहवाल येतो, 48 तासांत होकार कळवायचा असतो, भेट होते, मूल संगोपनासाठी घरी येतं. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देई. 2021 च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. पुढे दोन वर्षं पाठपुराव्याच्या भेटी चालू राहतात.

रांग मोठी आहे हे कबूल करायलाच हवं. संसदीय समितीच्या 2022 च्या अहवालात डिसेंबर 2021 पर्यंत नोंदणी केलेल्या इच्छुक पालकांची संख्या 27,939 दिली आहे. त्याच अहवालात संस्थांमधली दत्तकयोग्य मानलेली मुलं 6,996 आणि त्यांपैकी दत्तकासाठी कायद्याने मुक्त ठरवलेली फक्त 2,430 आहेत. राग यायचा तर या शेवटच्या फरकाचा यावा. हजारो मुलांची फाईल कुठल्या ना कुठल्या बाल कल्याण समितीच्या टेबलावर थांबली आहे, आणि मुलाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा हिस्सा! समित्यांच्या रिकाम्या जागा भरा, मुदती पाळा, संस्थेत ठेवून वर्षानुवर्षं कोणी भेटायलाही न आलेल्या मुलांची चौकशी करा, अशी मागणी जिल्ह्या-जिल्ह्यांतून उठायला हवी. प्रक्रिया संथ आहे म्हणून ती चुकवायची, हा यावरचा उपाय नव्हे.

आणि प्रत्येक अनाथ मूल दत्तकासाठी मोकळं असतं असंही नाही. जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांचं पालकत्व घ्यायला पुढे येणाऱ्यांची कळकळ खरीच होती. पण अशा मुलाला आजी असते, मामा असतो, आपली भाषा बोलणारी माणसं असतात. त्यांचा शोध आधी. शिवाय अशा कळकळीचा गैरफायदाही घेतला जातो. कोरोनात ‘दोन दिवसांचं बाळ आहे, कोणाला हवं असेल तर कळवा’ अशा थाटाचे मेसेज फिरू लागले, आणि जून 2021 मध्ये बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना द्यावे लागले.

राहिला रक्ताच्या नात्याचा मुद्दा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1874 मध्ये काशीबाई या विधवा ब्राह्मण स्त्रीचं मूल आपलं मानलं. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तकपुत्राच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी अंत्ययात्रेचं टिटवं स्वतः हाती धरलं. तो दत्तकपुत्र, यशवंत, पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात पुण्याजवळच्या माळावर त्याने दवाखाना थाटला आणि सावित्रीबाई तिथे रोगी आणत राहिल्या, त्यातच गेल्या. रक्ताच्या कोणत्या नात्याने याहून अधिक काय केलं असतं?

आजची रांग मुख्यतः दोन वर्षांच्या आतल्या निरोगी बाळासाठी आहे. सहा-सात वर्षांची मुलं, एकत्रच राहू पाहणारी भावंडं, विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी पालकच कमी पडतात. जोडप्याच्या वयाची बेरीज शंभरपर्यंत असली तरी चार ते आठ वर्षांचं मूल घेता येतं, म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या नवरा-बायकोलाही दार बंद नाही. उरणच्या किंवा मुरुडच्या एखाद्या घराने नर्सबाईंचा फोन नंबर बाजूला ठेवून पोर्टलवर नाव नोंदवताना वयाचा हा रकाना पुन्हा एकदा वाचावा. दुडदुडत्या बाळाऐवजी दप्तर घेऊन येणारं मूल चालेल का, एवढं दोघांनी आपापसात बोलून ठरवलं, तर वाट पाहण्याची वर्षं बरीच कमी होऊ शकतात.