पट्टीची धार

आमच्या घराचा मासळीशी संबंध नाही. बंदराशी मात्र जुना आहे. बँकेत असताना कर्जखात्यांच्या तपासणीसाठी मिरकरवाड्याच्या जेट्टीवर मी अनेकदा गेलो. तेथील नौका पाहूनच नातवाने सुटीत एका ट्रॉलरची प्रतिकृती केली. मूळ नौका १४ मीटरची. एकास पन्नास प्रमाणाने प्रतिकृती २८ सेंटिमीटरची. वर निळा रंग दिला, पाणरेषेखाली तांबडा द्यायचा होता. त्याने जपानी पातळ कागदाची मास्किंग टेप मागितली. मी म्हणालो, खिडक्या रंगवताना उरलेली आहे ना घरात! दोन बोटांच्या पट्टीसाठी नवा खर्च कशाला?

ती टेप दोन दिवस तशीच राहिली. काढताना निळ्या रंगाचे पापुद्रे घेऊन आली आणि तांबडा रंग आत शिरून करवतीचे दाते उमटले. नातू काही बोलला नाही. नौका कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

जूनमध्ये मासेमारीबंदी लागली, नौका किनाऱ्यावर आल्या. तेथे एका वृद्ध पेंटरला मी आमची फजिती सांगितली. ते हसून म्हणाले, "साहेब, पट्टी चांगली नसेना का, तिची धार चांगली पाहिजे."

मर्म तेच होते. भिंतीच्या टेपचा कागद सुरकुत्यांचा. त्या सुरकुत्यांतून रंग झिरपतो. शिवाय तिचा गोंद जहाल, आणि उष्म्यात तो अधिकच घट्ट धरतो. जपानी टेप पातळ, कडेला गुळगुळीत आणि गोंदाने सौम्य. पण गुंडाळ्याच्या कडेवरही धूळ बसते, म्हणून पट्टी काचेवर चिकटवून पोलादी पट्टीच्या आधाराने ब्लेडने नवी धार काढावी. नाळेच्या वळणावर रुंद पट्टी चुण्या पाडते. तेथे दोन मिलिमीटरची चिंचोळी पट्टी वाकते. पाणरेषेसाठी पेन्सिल ठोकळ्यावर बांधून, नौका सपाट ठेवून, ठोकळा सभोवती फिरवावा.

आधीचा रंग पुरता वाळू द्यावा. पट्टीची कड नखाने दाबावी आणि तिच्यावर प्रथम निळ्याचाच पातळ हात द्यावा. झिरपायचे ते निळ्यातच झिरपते. मग तांबडा, पातळ थरांत, कुंचला पट्टीवरून बाहेर ओढत. शेवटचा थर जरा ओलसर असतानाच पट्टी मागे दुमडून सावकाश सोलावी.

ही टेप १९२५ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू यांनी दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी काढली. आख्यायिका अशी की पहिल्या नमुन्यात गोंद केवळ कडांना होता, आणि पट्टी गळून पडल्यावर कारागिराने मालकांच्या कंजूषपणाचा उद्धार केला. नातवाला ही गोष्ट फार आवडली. का, ते मी विचारले नाही.

खर्चाचा हिशेब आता असा आहे: जपानी टेप फक्त धारेला, तीन मिलिमीटर, उरलेला भाग रद्दी आणि त्याच जुन्या टेपने झाकायचा. नौका घासून पुन्हा रंगवली. पाणरेषा सरळ आली आहे. नाळेवरील नाव तेवढे राहिले. तेथे पट्टी चालत नाही, म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघे ती पेंटरकडे नेणार आहोत.