रहस्यकथा आणि विषाची बाटली

वाचकहो, बी-बियाणे, खते आणि फवारणी सोडून या सदरात मी सहसा काही लिहीत नाही. पण गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. "साहेब, फावल्या वेळात तुम्ही काय वाचता?" असे त्यांनी विचारले आहे. खरे सांगायचे तर खुनाच्या कादंबऱ्या! बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मी शाळेत असताना पाठ्यपुस्तकात दडवून वाचले, तेव्हापासून ही खोड जडली ती जडलीच.

यंदा झडीच्या दिवसांत मुलीने आणून दिलेली दोन-तीन पुस्तके इंग्रजीतून वाचून काढली. पहिले रिचर्ड ऑस्मन यांचे २०२० सालचे 'द थर्सडे मर्डर क्लब'. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात निवृत्त लोकांची एक वसाहत आहे. तिथले सत्तरी ओलांडलेले चौघे दर गुरुवारी जमून जुन्या, उकल न झालेल्या खुनांचा काथ्याकूट करतात आणि एक दिवस खराच खून दारात येतो. आपल्याकडे पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना गावात कोणाचे काय चालले आहे याची जशी बित्तंबातमी असते, तसेच हे चौघे. पोलीस त्यांना सगळे कसे सांगतात हे मला पटले नाही. पण हसू आले, आणि म्हातारपणाबद्दल खरे काही वाचायलाही मिळाले.

दुसरे जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांचे 'सॅल्व्हेशन ऑफ अ सेंट'. याच लेखकाच्या एका कादंबरीवरून २०२३ साली 'जाने जां' हा हिंदी चित्रपट निघाला. इथे नवरा कॉफी पिऊन मरतो, कॉफीत सोमल. बायको त्या वेळी शेकडो मैल दूर. मग विष घातले कोणी आणि कसे? गुन्हेगार कोण असावा याचा अंदाज आपल्याला लवकर येतो, पण 'कसे' या एका प्रश्नावर लेखक शेवटपर्यंत खिळवून ठेवतो. मला हेच पुस्तक सर्वांत आवडले. उत्तर इथे सांगणार नाही.

माझी एक कसोटी आहे. ज्या गोष्टीत माणूस पेल्याला ओठ लावतो आणि अर्धे वाक्य बोलून कोसळतो, ते पुस्तक मी तिथेच मिटतो. कीटकनाशकाची विषबाधा झालेली माणसे मी पाहिली आहेत. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या, श्वासासाठी धडपड. तासन् तास चालते ते. लेखकाला विष ठाऊक नसले की लगेच कळते.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती बाईंना ते ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात त्या दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम करीत. १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीत कुचल्याच्या विषाने खून होतो. पुस्तकाला शंभर वर्षे उलटली, तेव्हा युक्ती सांगितली तरी पाप लागू नये. रोजच्या टॉनिकात थोडा कुचला असतोच. त्यात कोणीतरी ब्रोमाइडची पूड मिसळते, त्यामुळे विष तळाशी बसते आणि सगळे शेवटच्या घोटात येते. खुनी कोण ते तुम्हीच वाचा. पाण्यात मिसळायची भुकटी न ढवळता पंपात ओतणाऱ्यांना हे नवे नाही. आधी नुसते पाणी फवारले जाते, आणि शेवटच्या दोन ओळी करपतात.

त्यांचीच १९६१ सालची 'द पेल हॉर्स'. तिच्यात थॅलियमचे विष आहे, त्याने केस गळतात. पुढे १९७७ साली कतारहून दीड वर्षाची एक आजारी मुलगी लंडनच्या रुग्णालयात आणली गेली. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक परिचारिका नेमकी हीच कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली, उपचार झाले, मूल वाचले. विष आले कुठून? घरात झुरळे-उंदीर मारायला ठेवलेल्या औषधातून.

बघा, इथे मीही 'औषध' म्हणून गेलो. आपण सगळेच म्हणतो. कपाशीवर औषध मारले, उरलेले औषध फडताळात ठेवले. घरातल्या लेकराला औषध म्हणजे खोकल्याची बाटलीच ठाऊक असते. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर उरलेले कीटकनाशक सरबताच्या बाटलीत ओतून चुलीमागे ठेवले होते. पाच वर्षांच्या पोराने तहान लागली म्हणून ती तोंडाला लावली. वडिलांनी मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात नेले, पण डब्याचे लेबल कोणाकडेच नव्हते. काय प्यायला हे डॉक्टरांना कळायला वेळ गेला. पोरगा वाचला. आता शाळेत जातो.

तेव्हा भगिनी, माझ्या आवडीच्या पुस्तकांची नावे वर दिली आहेत. तुमच्या वाचनालयात ती नसली, तर अर्नाळकर नक्की असतील. आणि हे पत्र वाचून झाल्यावर चुलीमागे, फडताळात, गोठ्याच्या खुंटीवर एकदा नजर टाका. लाल त्रिकोणाचा डबा कुलपात हवा, मूळ लेबलासकट.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळी.